झाशीचं तिकीट, बुंदेलखंडाचा पाऊस आणि मोठे संगणक

वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकाच्या आरक्षण केंद्रात हातात पडणारं तिकीट आणि त्याच जिल्ह्यात भुईमूग पेरण्यासाठी थांबलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचणारा पावसाचा अंदाज, या दोन्हींच्या मागे अवाढव्य संगणक आहेत. दोन्ही सरकारी पैशातून उभे राहिलेले, दोन्ही थंडगार दालनांत ठेवलेले, दोन्ही रात्रंदिवस राबणारे. बातम्यांत दोघांनाही एकच विशेषण लागतं : महाकाय. पण या दोन यंत्रांची अदलाबदल केली, तर अंदाज पाऊस पडून गेल्यावर हाती येईल आणि एकच बर्थ दोघांना विकला जाण्याची भीती राहील. मोठ्या संगणकाचा वर्ग त्याच्या आकारावरून, किमतीवरून किंवा वेगावरून ठरत नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याचा एखादा भाग ऐन कामात बंद पडला, तर त्या यंत्राला काय गमावून चालतं आणि काय गमावून चालत नाही, यावरून तो ठरतो. मेनफ्रेम, सुपरकॉम्प्युटर, सर्व्हर, क्लाउड ही नावं बाजारानं दिली आणि बाजारानंच ती वेळोवेळी सोयीनं वापरली. या नावांखालची विभागणी मात्र पक्की आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय अशा यंत्रांवर होणाऱ्या खर्चाबद्दल नागरिकाला नीट मत बनवता येत नाही.

ही फाळणी फार जुनी आहे. साठच्या दशकात आपल्याकडच्या क्षेत्रीय रेल्वेंच्या मुख्यालयांत आयबीएमचे १४०१ हे संगणक आले. पगार, भांडार आणि मालवाहतुकीचा हिशेब करायला ते आणले होते. झाशी विभाग तेव्हा मध्य रेल्वेत होता आणि त्याचं मुख्यालय मुंबईला होतं. उत्तर मध्य रेल्वे स्थापन होऊन झाशी तिकडे गेली ती २००३ मध्ये. त्याच मुंबईत १९६४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० बसवला गेला, तो भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीसाठी. दोन्ही यंत्रं खोली भरणारी, पण त्यांचं अंकगणितच वेगळं. १४०१ आकडे दशमान पद्धतीनं, एकेक अंक सुटा ठेवून साठवत असे. सीडीसीचं यंत्र द्विमान पद्धतीनं, अपूर्णांकासह, फार मोठ्या आणि फार लहान संख्या एकाच साच्यात बसवून हिशेब करत असे. दशमान पद्धतीतला शून्य दशांश एक हा साधा आकडा द्विमान पद्धतीत तंतोतंत लिहिता येत नाही, शेपूट कुठेतरी तोडावं लागतं. अणूच्या गणितात किंवा हवेच्या गणितात ते तोडलेलं शेपूट खपतं, कारण मुळातली मोजमापंच तितकी अचूक नसतात. पगारपत्रकात एका पैशाचा फरकही खपत नाही. म्हणजे कोणती चूक सोसायची आणि कोणती नाही, हा प्रश्न अगदी तळाला, बेरीज-वजाबाकीच्या पातळीवरच सुटून मग वर यंत्र उभं राहत होतं.

त्याच १९६४ च्या एप्रिलमध्ये आयबीएमनं सिस्टिम ३६० जाहीर केला. व्यापारी कामाची आणि शास्त्रीय कामाची वेगवेगळी यंत्रं बनवण्याऐवजी दोघांनाही पुरेल असं एकच घराणं असावं, हा त्यामागचा विचार होता. घराण्याला यश अफाट मिळालं. त्या काळात लिहिलेले प्रोग्राम आयबीएमच्या आजच्या मेनफ्रेमवरही चालू शकतात. पण एकीकरण मात्र साधलं नाही. त्याच वर्षी सीमोर क्रे यांनी रचलेला सीडीसी ६६०० बाजारात आला आणि निव्वळ आकडेमोडीत त्यानं सगळ्यांना मागे टाकलं. बँका, विमा कंपन्या, रेल्वे आयबीएमकडे राहिल्या. अणुसंशोधन आणि हवामान क्रे यांच्या वाटेनं गेलं. एका यंत्रात दोन्ही गुण पुरेपूर आणण्याचा तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य कंपनीनं मनापासून केलेला प्रयत्न जिथे अपुरा पडला, तिथे ही फाळणी केवळ विक्रेत्यांची कल्पना होती असं म्हणता येणार नाही.

आता झाशीच्या खिडकीवर येऊ. पंजाब मेल मुंबईहून झाशीमार्गे फिरोजपूरला जाते, झेलम एक्स्प्रेस पुण्याहून निघून झाशीवरून जम्मूकडे. झाशीचे राज्यकर्ते असलेल्या नेवाळकरांच्या काळापासून तिथे राहिलेल्या मराठी कुटुंबांना पुण्या-मुंबईकडे यायचं तर याच मार्गाचा आधार. समजा, परतीच्या झेलममध्ये एका तारखेला स्लीपरचा एकच बर्थ उरला आहे. झाशीच्या खिडकीवरचा क्लार्क तो मागतो आणि त्याच क्षणी पुण्यातला कुणी मोबाइलवरून तोच मागतो. यंत्रानं इथे करायची आकडेमोड जवळजवळ शून्य आहे : एकातून एक वजा. अवघड आहे ते दुसरंच. त्या बर्थच्या नोंदीला क्षणभर कुलूप लावायचं, दोघांपैकी एकालाच आत घ्यायचं, पैसे आले की नोंद कायम करायची, ती डिस्कवर उतरल्याशिवाय पीएनआर द्यायचा नाही, आणि दुसऱ्याला वेटिंगमध्ये नेमका त्याच्या पाळीचा क्रमांक द्यायचा. मधल्या कुठल्याही पायरीवर वीज गेली, तार तुटली, प्रोसेसर बसला, तरी परत उठल्यावर यंत्राला एकच गोष्ट ठामपणे सांगता आली पाहिजे : हे तिकीट झालं किंवा हे तिकीट झालं नाही. अर्धवट झालेलं तिकीट या जगात अस्तित्वातच असता कामा नये.

डिसेंबर २०२१ मध्ये झाशी स्थानकाचं नाव बदललं आणि संगणकातला जेएचएस हा जुना कोड जाऊन नवा आला. त्या काळात आरक्षण १२० दिवस आधी खुलं होत असे. म्हणजे कोड बदलण्याच्या दिवशी पुढच्या चार महिन्यांच्या प्रवासांची तिकिटं आधीच लोकांच्या हातात होती. त्यांतलं एकही निराधार होऊ न देता चालू वहीतलं नाव बदलायचं, हे काम सेकंदाला किती गुणाकार होतात यावर अवलंबून नाही. जुन्या नोंदींशी यंत्रणा किती इमान राखते, यावर आहे. मेनफ्रेमच्या वर्गात दुप्पट-तिप्पट जोडलेले सुटे भाग, प्रत्येक पायरीची रोजनिशी, चूक आढळली तर तीच सूचना पुन्हा चालवून पाहणारे प्रोसेसर आणि दशकांपूर्वीचा प्रोग्राम न मोडता चालवण्याचा हट्ट दिसतो, तो याचसाठी.

यावर एक जाणकार आक्षेप लगेच येईल, आणि तो योग्य आहे : रेल्वेचं आरक्षण मेनफ्रेमवर सुरू झालंच नव्हतं. खरं आहे. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीनं ‘इम्प्रेस’ ही आरक्षण प्रणाली उभी केली ती डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर, आणि व्हॅक्सला त्या काळी सुपरमिनी म्हणत. पुढे रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली घडवली. ती १९९४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं तिनं एकमेकांना जोडली. तीही त्याच घराण्यातल्या संगणकांवर. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धक्का न लावता उलट आधारच देतो. व्हॅक्सची अनेक यंत्रं एकत्र बांधून एकच डिस्क वाटून घेण्याची आणि नोंदींना कुलपं लावण्याची सोय ऐंशीच्या दशकात आली होती. एक यंत्र पडलं तर दुसरं तीच वही पुढे चालवी. पेटीवर सुपरमिनी लिहिलेलं असलं तरी तिला नेमून दिलेलं काम मेनफ्रेमच्या वर्गाचं होतं आणि तिची बांधणीही त्या कामाला साजेशी करून घेतली होती. मुंबईचा शेअर बाजारही १९९५ मध्ये पडद्यावर आला तेव्हा त्यानं टँडेमची नॉनस्टॉप यंत्रं घेतली, तीही आयबीएमच्या अर्थानं मेनफ्रेम नव्हेत. वर्ग कामानं ठरतो, पेटीवरच्या नावानं नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा?

पावसाच्या अंदाजाची गोष्ट याच्या बरोबर उलटी. बुंदेलखंडात पाऊस बेभरवशाचा. पेरणी आठवडाभर पुढे-मागे झाली तर भुईमूग, उडीद, तीळ या पिकांचं गणित फिरतं. अशा अंदाजांसाठी पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ आणि नोएडातल्या केंद्रात ‘अरुणिका’ ही यंत्रं सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. पहिलं ११.७७ पेटाफ्लॉप्सचं, दुसरं ८.२४ पेटाफ्लॉप्सचं, दोन्ही मिळून खर्च ८५० कोटी रुपये. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी. इतकी शक्ती कशाला लागते, हे झाशी जिल्ह्यावरच हिशेब करून पाहता येतं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ५,०२४ चौरस किलोमीटर. अंदाजाचं जाळं १२ किलोमीटरचं असेल तर सगळा जिल्हा जेमतेम ३५ चौकोनांत बसतो. बेतव्याकाठचं खोरं आणि मऊरानीपूरकडची माळरानं एकाच सरासरीत विरघळून जाण्याचा संभव राहतो. मे २०२५ मध्ये पुण्यात घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तिचं जाळं साधारण ६ किलोमीटरचं आहे. आता तोच जिल्हा १४० च्या आसपास तुकड्यांत येतो. पण तुकडे चौपट झाले म्हणून काम चौपट होत नाही. तुकडा लहान झाला की वारा तो लवकर ओलांडतो, म्हणून वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. काम आठपट होतं, आणि हवेचे उभे थर वाढवले तर त्याहून जास्त.

शिवाय हे तुकडे एकमेकांपासून सुटे नाहीत. झाशीवरच्या हवेचं पुढच्या काही मिनिटांत काय होणार, हे ललितपूर, दतिया आणि शिवपुरीवरच्या हवेवर अवलंबून, आणि त्यांचं त्यांच्या शेजाऱ्यांवर. पृथ्वीभरचे तुकडे हजारो प्रोसेसरांत वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक पावलानंतर प्रत्येकानं आपल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवल्याशिवाय कुणालाच पुढचं पाऊल टाकता येत नाही. एक प्रोसेसर रेंगाळला तर सगळे थांबतात. म्हणून सुपरकॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरांइतकंच, किंबहुना त्यांहून जास्त, मोल त्यांना जोडणाऱ्या जाळ्याचं असतं. आणि बिघाड झाला तर? मध्येमध्ये साठवून ठेवलेल्या टप्प्यावरून गणित पुन्हा सुरू करायचं. वेळ जातो, बाकी काही हरवत नाही, कुणाचा हक्क बुडत नाही. मात्र वेळ हीच इथली पुंजी आहे. ‘प्रत्यूष’ या आधीच्या यंत्रावर ज्या गणिताला दहा तासांपर्यंत लागत, ते अर्कावर सुमारे चार तासांत उरकतं. सकाळचा अंदाज संध्याकाळी देण्यात अर्थ नसतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगायची गरज नाही.

अनेक साधे प्रोसेसर जोडून मोठं गणित सोडवण्याची ही वाट मराठी वाचकाला अनोळखी नाही. ऐंशीच्या दशकात भारतानं हवामानासाठी क्रे एक्स-एमपी मागितला, तेव्हा अमेरिकेनं मागितलेल्यापेक्षा लहान यंत्र दिलं आणि तेही अटींसह. या अडवणुकीला उत्तर म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यातले ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर बाजारात मिळणारे होते. त्यांची जोडणी आणि त्यांच्यात काम वाटून देणारं सॉफ्टवेअर ही खरी कमाई होती. सुपरकॉम्प्युटर म्हणजे कुणीतरी बनवलेली एक अद्भुत चिप, हा समज त्या यंत्रानं आपल्यापुरता तरी कायमचा पुसायला हवा होता.

तो पुसला गेला नाही, याचं एक कारण म्हणजे क्रमवारी. १९९३ पासून जगातल्या ५०० वेगवान संगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पुण्यातल्या टाटांच्या सीआरएल या कंपनीचा ‘एका’ चौथा आला आणि तो अभिमानाचाच क्षण होता. पण ही यादी एकाच चाचणीवर बनते : समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवायला लावायचा आणि वेग मोजायचा. या चाचणीत जपानचा फुगाकू ४४२ पेटाफ्लॉप्स देतो. आकडे स्मृतीत इकडून तिकडे हलवण्यावर आणि आपसातल्या निरोपांवर भर देणारी, म्हणजे हवामानाच्या गणिताला बरीच जवळची, दुसरी चाचणी घेतली की तोच फुगाकू १६ वर येतो, आणि तरीही त्या चाचणीत तो कित्येक वर्षं जगात पहिला होता. एकाच वर्गातल्या यंत्राची लायकीसुद्धा एका आकड्यात मावत नाही. मग त्या आकड्यावरून रेल्वेच्या यंत्राला लहान ठरवणं हा सरळ अन्याय आहे. व्यवहार करणाऱ्या यंत्रांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. त्यांत मिनिटाला किती मागण्या पुऱ्या झाल्या आणि त्या टिकल्या का, हे पाहतात. त्यांची बातमी होत नाही, एवढंच.

तिसरा वर्ग सर्वांत नवा आणि आज सर्वांत अवाढव्य. शोधयंत्रं, व्हिडिओ, नकाशे यांच्यामागची डेटा सेंटरं. गूगलमधले लुईझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी २००९ मध्ये मांडलं की अशी अख्खी इमारत हाच एक संगणक मानायला हवा. इथे हजारो स्वस्त सर्व्हर असतात आणि रोज त्यांतले काही बंद पडणारच हे गृहीत धरलेलं असतं. प्रत्येक गोष्टीच्या अनेक प्रती, एक गेली की दुसरीकडून उत्तर. ते उत्तर काही सेकंद शिळं असलं तरी बिघडत नाही. झाशीच्या किल्ल्याचा व्हिडिओ पाहिलेल्यांचा आकडा दोघांना वेगवेगळा दिसला तर कुणाचं नुकसान नाही. बर्थच्या बाबतीत नेमकं हेच चालणार नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आज तिन्ही ठिकाणी बहुधा एकाच घराण्यातले प्रोसेसर आणि तीच लिनक्स कार्यप्रणाली असते. हवं ते क्लाउडवर तासाच्या भाड्यानं मिळतं. मग वर्ग उरलेच कुठे? चिपच्या पातळीवर हे बरंचसं मान्य करावं लागेल. पण त्यातून निष्कर्ष एवढाच निघतो की भेद धातूतून निघून रचनेत गेला. भाड्यानं देणाऱ्या कंपन्याच वेगवान जाळ्यानं घट्ट बांधलेली यंत्रं एका दरानं देतात आणि सुटी यंत्रं दुसऱ्या. काटेकोर व्यवहारांची डेटाबेस सेवा वेगळी आणि थोडं शिळं उत्तर चालवून घेणारी साठवण वेगळी. भेद संपला असता तर वेगळी दरपत्रकं कशाला लागली असती? दूर दूरच्या केंद्रांत एकच वही काटेकोर ठेवायची तर प्रत्येक नोंदीसाठी त्यांना एकमेकांची संमती घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो, आणि मधली तार तुटली तर थांबावं लागतं किंवा चुकीची जोखीम घ्यावी लागते. यातून पैसे ओतून सुटका होत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो : एकाच सेवेत तिन्ही वर्ग मिसळलेले असतात, मग वर्गीकरणाचा उपयोग काय? उपयोग इथेच आहे. रेल्वे मंत्रालयानं जून २०२५ मध्ये नव्या आरक्षण प्रणालीचे आकडे दिले. मिनिटाला ३२,००० तिकिटांची क्षमता दीड लाखावर न्यायची आणि चौकशीची ४ लाखांवरून ४० लाखांवर. चौकशी दहापट, तिकिटं पाचपटीच्या आत. हे प्रमाण मला अर्थपूर्ण वाटतं. गाडीत जागा आहे का, हे सांगायला प्रती चालतात. सर्व्हर वाढवत नेले की क्षमता वाढत जाते. जागा देऊन टाकणं मात्र शेवटी एका वहीपाशी, एका कुलपापाशी येऊन थांबतं. सकाळी दहाला वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सुरू होतं, तेव्हा साइट उघडत नाही ही तक्रार पहिल्या भागाची, आणि पैसे गेले पण तिकीट नाही ही दुसऱ्या भागाची. दोन्हींना ‘सर्व्हर डाउन’ म्हणून एकाच गोणीत भरलं, तर उपायही चुकीचा मागितला जातो. ‘देशात इतके सुपरकॉम्प्युटर असताना रेल्वेला एक का देत नाहीत’ असं म्हणणाऱ्याची तळमळ खरी असते, पण त्यानं मागितलेलं यंत्र त्याच्या दुखण्यावरचं नसतं. रात्री पावणेबारा ते बारा वीसपर्यंत आरक्षण बंद असतं, तेही याच नजरेनं पाहायला हवं. प्रवाशाला ते गैरसोयीचं आहे आणि ते कमी व्हावं असं मलाही वाटतं. पण सांगून घेतलेली पस्तीस मिनिटं आणि न सांगता हरवलेली एक नोंद यांत निवड करायची झाली, तर वहीच्या यंत्रानं पहिलीच निवडली पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं हे सगळं मोडीत काढलं असं आता ऐकू येतं. तिलाही हीच कसोटी लावून पाहावी. पुण्यात सी-डॅकचं ‘ऐरावत’ २०२३ च्या जूनमधल्या जागतिक यादीत ७५ वं आलं. अशा यंत्रावर मोठं मॉडेल शिकवताना अनेक चिप प्रत्येक पावलाला एकमेकींशी आकडे जुळवतात, एक अडली की सगळ्या अडतात, बिघाड झाला तर साठवलेल्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात होते. म्हणजे हे हवामानाच्याच पंगतीतलं काम. तेच मॉडेल शिकून तयार झालं आणि लाखो लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागलं, की प्रत्येक प्रश्न सुटा, एक सर्व्हर पडला तर दुसरा उत्तर देतो. ते डेटा सेंटरचं काम झालं. आणि त्या उत्तरावरून कुणी झेलमचा शेवटचा बर्थ मागितला, तर मागणी कितीही हुशारीनं लिहिलेली असो, ती त्याच कुलपापाशी येऊन आपल्या पाळीची वाट पाहते.